नाव घेताना वहिनी थांबल्या

या जगात मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या वहिनींचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. गावात कोणी त्याचं कौतुक केलं की दादा छाती फुगवतो, आणि त्याने ती फुगवावीच. पण मला शिकायला नांदेडला पाठवायचा हट्ट वहिनींनी धरला होता, हे त्यालाही माहीत आहे.

त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी पाचवीत होतो. आई त्याआधीच गेली होती. बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या घरात त्या वेळी वडील, दादा, मी आणि बुडाला काळं पडलेलं एक पातेलं, एवढंच होतं. पहिल्याच दिवशी वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तुमी जेवलाव का?" माझ्या चड्डीला गुंडी नव्हती, नाक वाहत होतं, आणि मला कोणीतरी 'तुमी' म्हणत होतं. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी मला एकदाही अरे-तुरे केलं नाही.

दहावी झाल्यावर वडील म्हणाले, आता बस झालं, बिलोलीच्या किराणा दुकानात चिकटवू. वहिनी भांडल्या नाहीत. संध्याकाळी दादाने हात धुतले, पाटावर बसला, आणि ताट काही येईना.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"भावजीला नांदेडला धाडायचं ठरलं की वाढते."

"अन् न्हाई ठरलं तर?"

"तर पाणी प्या. पाणी हाय भरपूर."

वडील ओसरीवर बसून ऐकत होते. ते हसले, आणि माझं कॉलेज ठरलं. पुढे अकरावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत माझा डबा गावाहून सकाळच्या एस.टी.ने नांदेडला यायचा. वहिनी भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी फडक्यात बांधून कंडक्टरच्या हातात द्यायच्या आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. नांदेडात अशी किती तरी पोरं त्या डब्यांवर शिकली. पण इतरांच्या डब्यांना कधी कधी खाडा पडायचा. माझ्या डब्याला पडल्याचं मला आठवत नाही.

आता मी लातूरला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. रक्ताभिसरणाचा धडा दर वर्षी शिकवतो. फळ्यावर तांबड्या खडूने रोहिणी, निळ्याने नीला. रक्तवाहिनीत चरबी साचते म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी इतकी वर्षं नळाचं उदाहरण देत आलो. नळात जसा क्षार साचतो आणि पाणी बारीक होतं, तसं. मुलांना पटायचं. मलाही पटलेलं होतं.

मागच्या वर्षी पुतण्याचं लग्न झालं. मी हे लिहितो आहे त्याची सुरुवात त्या लग्नात आहे, म्हणून तो प्रसंग नीट सांगतो.

वहिनींनी दादाचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत. 'हे', 'आमचे', 'घरचे' असं म्हणायचं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की वहिनी शेजारणीला कोपराने ढोसायच्या आणि शेजारीण नाव सांगायची. उखाण्यात मात्र मुभा असते, आणि उखाण्यात वहिनींचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पाठ केलेला उखाणा त्या म्हणायच्या नाहीत. समोर काय चाललं आहे ते बघून उभ्या उभ्या जुळवायच्या.

वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. नव्या सूनबाईंनी उखाणा घेतला, बायकांनी कौतुक केलं. तेवढ्यात आमची आत्या पुढे झाली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही, पण मनात पाप नाही.

"आता सासूनं घ्यावं!" आत्या ओरडली. "सून घेती अन् सासू तोंड लपवती व्हय?"

"घेतल्याबिगर ताट ओवाळू देऊ नगा!" मागून कोणीतरी म्हणालं.

वहिनींच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा दारात पडलेल्या दुपारच्या उन्हाकडे, आणि सुरू केलं:

"हळदीच्या पावलानं दारात आली सून..."

पुढे नाव यायचं होतं. ते आलं नाही. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. उजव्या हातातलं ताट कलंडलं, निरांजन घसरत कडेला आलं. आत्याने ताट झेललं.

आणि एकच हशा झाला.

"बघा बघा, लाजून राहिली!"

"अगं, सासू झालीस की! आता कशाला लाजायलीस?"

"तिचं काय घेऊन बसलाव, त्याच्याकडं बघा! कान तांबडे झाले त्याचे!"

दादाचे कान खरंच लाल झाले होते. सगळे हसत होते, मीही हसत होतो. इतक्या वर्षांचा संसार, पोराचं लग्न, आणि नवऱ्याचं नाव घेताना बाई लाजते, यापेक्षा गोड काय असणार? वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोणीतरी पाणी दिलं. त्यांच्या ओठाच्या कडेवरून ते थोडं सांडलं, आणि आत्याने पदराने पुसलं.

"दृष्ट लागली पोरीला," आत्या म्हणाली. मग तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, वहिनींवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळाल्या पण ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट मोठी होती, असं ठरलं. मिरच्यांचा कोळसा होईपर्यंत वहिनी बोलायला लागल्या होत्या. पहिलं वाक्य होतं, "भात लागला का बघा कोणीतरी."

आत्याने सगळ्यांकडे बघून मान डोलवली. दृष्ट काढली आणि उतरली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या विरुद्ध बोलायला कोणाकडे काय होतं? लग्नघर पुन्हा कामाला लागलं. वहिनींनी रात्रीपर्यंत पाहुण्यांना वाढलं. मी दुसऱ्या दिवशी लातूरला परतलो आणि बायकोला हा लाजण्याचा किस्सा रंगवून सांगितला.

त्यानंतर सोयाबीन निघेपर्यंत काही झालं नाही. निदान आम्हाला कळलं असं काही नाही.

एके दिवशी सकाळी वहिनी उठल्या, चूल पेटवली, पण कोणाशी बोलल्या नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांची आणि दादाची माहेरी जाण्यावरून कुरबुर झाली होती. दादाला वाटलं, रुसली.

"काय, आज मौन धरलं का?" तो म्हणाला.

उत्तर नाही. चहाची कपबशी मात्र पुढे आली, आणि ती डाव्या हाताने. आमच्याकडे डाव्या हाताने कोणाला काही देत नाहीत. नवऱ्याला तर नाहीच. दादाला ते लागलं.

"डाव्या हातानं देतीस? इतका राग?" म्हणून तो चहा न पिताच शेतात निघून गेला.

पुतण्या कामावर गेला होता. सूनबाई धुणं घेऊन ओढ्याला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा वहिनी चुलीपुढे तशाच बसलेल्या होत्या, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि उतू गेलेल्या दुधाने चूल विझलेली. दादाला शेतातून बोलावलं, गावातली जीप मिळवली, नांदेड गाठलं. मी लातूरहून निघालो. पोहोचलो तेव्हा त्यांना वॉर्डात घेतलेलं होतं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, ती वेळ टळून गेली आहे, असं तिथे सांगितलं. दादा मला एवढंच म्हणाला, "चहा दिला रे तिनं. उजवा हात चालंना म्हणून डाव्यानं दिला. पण दिला."

तपासायला एक तरुण डॉक्टर होते. बोलण्यावरून आमच्या भागातले वाटत नव्हते, पण स्वभावाने चांगले. त्यांनी पेन दाखवलं, "काकू, हे काय?" वहिनी पेनाकडे बघत राहिल्या. घड्याळ दाखवलं, तेच. मग त्यांनी विचारलं, "मिस्टरांचं नाव काय?"

वहिनींनी मान खाली घातली आणि डाव्या हाताने पदर ओढून घेतला.

दादा लगेच पुढे झाला. "ती न्हाई घेणार, सायेब. आमच्यात नाव घेत न्हाईत."

नर्स हसली. डॉक्टरही हसले. "बरं, राहू द्या. मुलाचं नाव सांगा, काकू."

मुलाचं नाव घ्यायला कोणाची हरकत नसते. वहिनींनी तोंड उघडलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "ता... ता..." असं काहीतरी आलं. पुतण्याच्या नावात ते अक्षरच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपण चुकलो आहोत हे त्यांना कळत होतं. त्यांना सगळं कळत होतं, हेच मला बघवेना. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला उजवा हात उचलायला गेल्या, तो उचलेना.

"याआधी कधी असं बोलता बोलता थांबल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. "थोडा वेळ तोंड वाकडं, हातातून वस्तू पडणं, मग आपोआप बरं?"

"न्हाई," दादा म्हणाला.

कलंडलेलं ताट आणि ओठाच्या कडेवरून सांडलेलं पाणी समोर आलं. मी म्हणालो, "लग्नात."

"अरे, ती लाजली होती!" दादा माझ्यावर जवळजवळ ओरडला. "सगळ्यांनी बघितलं की!"

डॉक्टरांनी मला सगळं विचारून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तोच इशारा होता. तो दोन-पाच मिनिटांचा असतो, माणूस बरा होतो आणि घरचे विसरून जातात. तेव्हा आणलं असतं तर औषधं तेव्हाच सुरू झाली असती." त्यांनी दोष दिला नाही, आणि मला ते जास्त जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला संगणकावर वहिनींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवलं. पांढऱ्या फांद्यांचं झाड दिसत होतं. डाव्या बाजूची एक जाड फांदी एका जागी एकदम बारीक झाली होती, कोणी दोरा आवळून बांधावा तशी.

मी म्हणालो, "चरबी साचून नळी तुंबली."

"तुम्ही शिक्षक ना?" डॉक्टर म्हणाले. "मग नीट समजून घ्या. नळी तुंबलेली नाही, भिंत आजारी पडली आहे."

त्यांनी कागदावर एक गोल काढला, त्यात थर काढले. रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते. आतून तिला अगदी पातळ अस्तर असतं. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला, साखर वाढली, तंबाखूचं विष रक्तात फिरत राहिलं, की ते अस्तर जागोजागी दुखावतं. दुखावलेल्या जागेतून रक्तातली चरबी अस्तराच्या खाली शिरते. ती साफ करायला शरीर पेशी पाठवतं. त्या पेशी चरबी खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरून पडतात. वरून शरीर एक खपली धरतं. भिंत जाड होते, ताठ होते. गंमत अशी की, सुरुवातीला ती बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे आतला रस्ता तेवढाच राहतो आणि माणसाला काहीच कळत नाही. मेंदूतल्या वाहिन्यांच्या भिंती तर मुळात पातळ. मग एखाद्या दिवशी त्या खपलीला चीर जाते. शरीराला वाटतं जखम झाली, आणि जखम भरायला जसं रक्त गोठतं तसं ते तिथे गोठतं. गुठळी लहान असली आणि विरघळली तर माणूस पुन्हा बोलायला लागतो. नाही विरघळली तर पुढचा मेंदूचा भाग रक्तावाचून मरतो.

मी ऐकत होतो आणि माझ्यासमोर ते लग्न चाललं होतं. मिरच्या चुलीत जळत होत्या तेव्हा वहिनींच्या डोक्यात एक लहान गुठळी विरघळत होती.

"ते खरवडून काढता येत नाही?" मी विचारलं.

"भिंतीतलंच आहे ते. मानेतली वाहिनी असती तर वेगळा विचार केला असता. ही कवटीच्या आत, एवढीशी. तार घालून जाळी बसवतात कधी कधी, पण यांच्या बाबतीत फायद्यापेक्षा धोका मोठा आहे. गोळ्या घ्यायच्या. एक गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही, एक ती खपली घट्ट ठेवते, आणि दाब-साखरेच्या. कायम."

बाहेर बाकड्यावर दादा बसला होता. तो आत आला होता, पण चित्र बघून निघून गेला होता. मी त्याला समजावून सांगायला बसलो. त्याला नळाचं सांगून उपयोग नव्हता, आणि ते चूकही होतं. त्याला भिंती कळतात. आमचं जुनं घर मातीचं होतं, दर उन्हाळ्यात दोघं भाऊ ते लिंपायचो.

"भिंतीत ओल शिरली की पोपडा कसा फुगतो?" मी म्हणालो. "वरून गिलावा साबूत दिसतो, आत माती सुटलेली असते. तसं झालंय."

दादाने विचारलं, "ओल कुठून आली?"

"बीपी होतं, कोणी तपासलं नाही. साखर निघाली. आणि मिश्री." वहिनी लहानपणापासून तंबाखूची मिश्री लावायच्या, आमच्या गावातल्या निम्म्या बायका लावतात.

"मग पोपडा पाडा, नवा गिलावा करा. इतकी मशिनी हायत यांच्याकडं."

"पोपडा पाडायला गेलं तर भिंतच फुटंल."

"म्हंजी ती भिंत दुरुस्त व्हत न्हाई."

"नाही होत. आहे तशी सांभाळायची."

त्याने मान हलवली आणि तो वहिनींपाशी गेला. मला वाटलं, आपण त्याला चांगलं समजावलं.

वहिनींना घरी आणलं. पाय हळूहळू चालायला लागला, हात थोडा. बोलणं मात्र येईना. त्यांना ऐकू येत होतं, समजत होतं, पण शब्द सापडत नव्हते. एका रविवारी मी गेलो होतो, तेव्हा अंगणात वाळत घातलेल्या डाळीत शेळीने तोंड घातलं. दादा शेजारीच बसून बिडी ओढत होता. त्याचं लक्ष नव्हतं. आणि वहिनींच्या तोंडून अगदी स्वच्छ, घंटेसारखा शब्द निघाला:

"मुडद्या!"

दादा ताडकन उठला. "शिवी दिली! मला शिवी दिली रे!" तो सगळ्या गल्लीला सांगत सुटला. शिवी शेळीला होती की त्याला, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. वहिनी हसल्या, एका बाजूने. मग दिवसभर आम्ही त्यांना दुसरा शब्द बोलवायचा प्रयत्न केला. आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिव्या, गाणी, मोजणी असं सवयीचं कधी कधी आपोआप येतं. मागितलेलं येत नाही.

मग आत्या आली. येताना खबर घेऊन आली. सीमेपलीकडे तेलंगणात एक जण लकव्याचं औषध देतो. पाला वाटून पोटात घ्यायचा आणि पारव्याचं रक्त अंगाला चोळायचं. ते औषध घेऊन तिच्या नणंदेचा दीर चालत घरी आला. अट एकच, पाला सुरू असेपर्यंत दुसरी कुठली गोळी चालत नाही. घेतली तर औषध उलटतं.

मी फोनवर दादाला म्हणालो, पाला द्यायचा तर दे, पारवा मारायचा तर मार, पण गोळ्या बंद करू नको.

"तू सांग," दादा शांतपणे म्हणाला, "तुझ्या डाक्टरनं काय सांगितलं? भिंत दुरुस्त व्हत न्हाई. सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं."

"तूच मला बाकड्यावर बसून समजावलं. दुरुस्त व्हत न्हाई तर मग गोळी कशापायी? हा माणूस म्हणतो, दुरुस्त करतो. मी कोणाचं ऐकू?"

मी त्याला खपलीचं सांगितलं, गुठळीचं सांगितलं. गोळी दुरुस्तीसाठी नाही, पुन्हा पडू नये म्हणून आहे, हेही सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "ते पडू नये म्हणून हाय. मला ती उठावी म्हणून पाहिजे." आणि फोनवर रडायला लागला. माझा दादा, ज्याला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी जे खरं सांगितलं ते मी खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यातून त्याने जे काढलं तेही अगदी सरळ होतं. पाला देणारा खोटी आशा देत होता, पण आशा देत होता. माझ्याकडे एक आजारी भिंत आणि चार गोळ्या होत्या.

दहावीच्या परीक्षांचं काम सुरू होतं, मला लातूर सोडता येत नव्हतं. मी सूनबाईंना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. मी म्हणालो, "वैनी, गोळी घ्यायलाव का?" त्यांच्या मागे आत्या उभी होती, बाजूला दादा. वहिनींनी आधी दादाकडे पाहिलं, मग फोनकडे, मग तोंड फिरवलं. नको म्हणून फिरवलं, की सगळ्यांसमोर विचारलं म्हणून फिरवलं, की नुसत्या थकल्या होत्या, मला कळलं नाही. जन्मभर ज्यांचं मन मला न सांगता कळत आलं, त्यांच्या एका मानेचा अर्थ मला लागेना. दादाने फोन घेतला आणि म्हणाला, "अमावस्येनंतर पाला सुरू करू. तवर विचार करून सांगतो."

सूनबाईंनी नंतर हळूच कळवलं, आई, म्हणजे वहिनी, अजून वाचतात. सावकाश, अक्षरावर बोट ठेवून. मोठं लिहिलेलं असलं आणि वाक्य लहान असलं तर कळतं. तेव्हा मला वाटलं, या सगळ्यात ज्यांना कोणी काही विचारलं नाही, त्यांनाच विचारावं. मी मुलांच्या चित्रकलेच्या वहीचा मोठा कागद घेतला आणि जाड पेनाने पत्र लिहिलं. ते असं होतं:

वैनी,

हे पत्र तुमच्यासाठी आहे. दादासाठी नाही. आत्यासाठी नाही. सावकाश वाचा. आज थोडं, उद्या थोडं.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्हाला सगळं कळतं, हे मला माहीत आहे. फक्त शब्द सापडत नाहीत.

तुमच्या डोक्यात डाव्या बाजूला रक्ताची एक वाट आहे. तिची भिंत आतून सुजली आहे. ती पूर्वीसारखी होणार नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण त्या भिंतीला पुन्हा चीर जाऊ शकते. गेली तर आज जेवढं चालता, तेवढंही जाईल. गोळी चीर थांबवते. नेहमीच थांबवते असं नाही. पण गोळीशिवाय धोका फार मोठा आहे.

गोळीने बोलणं परत येईल असं मी म्हणत नाही. पाल्याने येईल असं दादाला वाटतं. त्याला तुम्ही उठायला हव्या आहात. त्याच्यावर रागावू नका. तो भ्यायला आहे. मीही भ्यायलो आहे.

पाला घ्यायचा असेल तर घ्या. मी भांडणार नाही. फक्त डॉक्टरांना आधी दाखवू. रक्त चोळायचं असेल तर चोळू द्या. गोळी मात्र सोडू नका. गोळी घेतली तर पाला उलटतो हे खोटं आहे. मी विज्ञान शिकलो आहे, ते तुमच्यामुळे शिकलो. त्यातलं एवढं एक माझं ऐका.

मी खूप शिकलो, पण तुमच्या डोक्यात हात घालून ती भिंत लिंपायला मला येत नाही. कोणालाच येत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे. आजपर्यंत कोणी विचारलं नाही. गोळी घ्यायची की नाही? घ्यायची असेल तर या कागदावर खाली सूनबाईंकडून कुंकू घेऊन तुमचं बोट उमटवा आणि कागद दादाला दाखवा. तुमचं बोट बघितल्यावर तो नाही म्हणणार नाही.

नको असेल तर कागद कोरा ठेवा. मग मी पुन्हा विचारणार नाही.

हे खोटं लिहिलं. मी पुन्हा विचारीन. पेपर तपासून झाले की येतो आणि समोर बसून विचारतो.

तुमचा,
भावजी